आठ आणे म्हातारीच्या पदरात

९ फेब्रुवारी, रविवार

रविवारी रिसॉर्टच्या रिसेप्शनवर उभं राहणं म्हणजे अंगावर येणाऱ्या लोकांना हसून दाखवणं. सगळ्यांना एकदमच चेक-आउट करायचं असतं, आणि उशीर झाला की चूक माझी. दिवसभर हसून गालफडं दुखत होती, त्यात कुसगावात घरी पोचते न पोचते तोच समोरच्या फ्लॅटमधली अपूर्वा दारात उभी. "चल, मीटिंगला सगळे आलेत, तूच राहिलीस."

मराठी भाषा दिनाला आमच्या सोसायटीत दरवर्षी कवितावाचन होतं आणि लोक वडापाव कधी येतो याची वाट बघत बसतात. या वेळी बाळकाकांनी टूम काढली, अभिरूप न्यायालय भरवायचं. बाळकाका निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि सोसायटीत कुणीही न नेमलेले सरन्यायाधीश. अभिरूप न्यायालय म्हणजे गमतीचं कोर्ट. कुणाला तरी आरोपी करायचं, दोन वकिलांनी भांडायचं, लोकांनी हसायचं, मग निकाल. मागे एकदा पाण्याच्या टँकरवर खटला झाला होता म्हणे.

या वर्षीची आरोपी आहे राणी धूम्रलेखा, 'सात डोहांची राणी' सिनेमातली. बिल्डिंगमधली पोरं त्या सिनेमाने वेडी झालीत. राजगादीसाठी ती छोट्या राजपुत्राला दुधातून विष पाजवते आणि त्या पोराचा दगड होतो. प्रश्न एवढाच की ही बाई नक्की किती दुष्ट? निकाल आण्यांत द्यायचा असं बाळकाकांनी जाहीर केलं. सोळा आणे दुष्ट, की बारा आणे, की चारच?

चिठ्ठ्या टाकल्या. फिर्यादी वकील अपूर्वाचा नवरा श्रीयश. आरोपीची वकील मी. टाळ्याबिळ्या झाल्या.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर प्रज्ञेश हसायला लागला. "म्हणजे आईंच्या मालकिणीचं वकीलपत्र तुझ्याकडे आलं म्हण की."

इथे लिहून ठेवायला हरकत नाही, कारण ही वही कुणी वाचत नाही. त्या सिनेमात माझी आई आहे. माझ्या माहेरी, टाकव्याच्या वरच्या पठारावर शूटिंग झालं, तेव्हा त्यांना एक म्हातारी बाई हवी होती. राजपुत्राला दूध पाजणारी जी दाई आहे ती म्हणजे आमची आई, सरूबाई.

"सोसायटीत सांगितलंस का?" प्रज्ञेशने विचारलं.

"सांगीन की. विषय निघाला तर."

आज तासभर तोच विषय चालला होता. पण असं मध्येच कसं सांगणार?

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज सुट्टी, म्हणून टाकव्याला जाऊन आले. गावात आईचा रुबाब वाढलाय. पवनने तिच्या मोबाइलमध्ये तो प्रसंग टाकून दिलाय. माझा हा भाऊ बाकी कशात मन लावत नाही, पण यात लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई मोबाइल दाखवते. पोस्टमनलासुद्धा दाखवला.

मी विचारलं, "शूटिंगला नेमकं काय झालं होतं गं?" हे मी शंभरदा ऐकलंय, पण भाषणासाठी नीट ऐकायचं होतं.

"काय व्हायचंय. मेकपवाला म्हनला, आजी, तोंड काळं करायचंय. म्या म्हनलं, बाबा, ते आदीच झालंय, तुजी डबी कशाला वाया घालवतो? तरी फासलंच त्यानं. मग डायरेक्टर म्हनला, लेकराकडं रागानं बघा. आता कसं बघावं? ते माज्याकडं बघून हसतंय."

"आणि फुंकर?"

"वाफ दिसाया पायजे म्हनून दूध उकळतं व्हतं गं. लेकराची जीभ पोळली असती. घातली फुंकर. म्हनलं, आता ह्यो वरडतोय. तर म्हनला, आजी, लय भारी, परत तसंच करा." आई हसली. मग चुलीतलं लाकूड पुढे सारत तिने विचारलं, "तुमच्या बिल्डिंगीत बघितला का कुनी?"

"सगळी कामाची माणसं, आई. कुणाला वेळ असतो?"

"बरं," म्हणाली.

का खोटं बोलले? बसमध्ये विचार करत होते. सोसायटीत मी कुणाला कधी खोटं सांगितलेलं नाही. वडील रेल्वेत होते असं सांगितलंय, ते होतेच. खंडाळ्याच्या घाटात रुळांवर घण घेऊन होते, ते कुणी विचारलं नाही. आई गावी असते, थोडी शेती आहे, असं सांगितलंय. आहेच. अपूर्वाची आई आली होती तेव्हा शोकेसमधली बुद्धमूर्ती बघून म्हणाली, "आमच्याकडे पण बाल्कनीत आहे, किती शांत वाटतं." मी म्हणाले, हो ना, शांत वाटतं. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत आहे. हॉलमध्ये भिंत कमी पडते.

१६ फेब्रुवारी, रविवार

श्रीयशची बाजू भक्कम आहे. हुकूम राणीचा, विष राणीचं, फायदा राणीचा. लिफ्टमध्ये भेटला तर म्हणाला, "वहिनी, सोळा आणे घेतल्याशिवाय सोडत नाही." मला रागच आला. हरायला मला अजिबात आवडत नाही. शाळेत वक्तृत्वाला पहिला नंबर कधी सोडला नव्हता.

तो प्रसंग पुन्हा पुन्हा बघितला. राणी फक्त पडद्याआड उभी आहे. पडदाभर दिसतो तो एक हात, मनगटापासून वरपर्यंत गोंदलेला. हातात वाटी. मग काळवंडलेला चेहरा खाली येतो, वाटीवर हळूच फुंकर घालतो आणि वाटी पोराच्या तोंडाला लागते.

आणि मला मुद्दा सापडला. ज्याला मारायचंच आहे त्याचं दूध गार कशाला करायचं? राणीला गादी हवी होती. पण ही म्हातारी जे करते त्यात तिला गोडी आहे. खरी दुष्ट राणी नाही, खरी दुष्ट ही दाई.

मुद्दा एकदम बिनतोड आहे. हॉलमध्ये येरझाऱ्या घालत मोठ्याने म्हणून पाहिला, अंगावर काटा आला.

दाई हे एक पात्र आहे. आई वेगळी. एवढं तर कुणालाही कळतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

प्रज्ञेशला भाषण म्हणून दाखवलं. कंपनीतून येऊन जेवत होता. ऐकता ऐकता त्याचा घास हातातच राहिला.

"फुंकर कशासाठी घातली ते तुला माहितेय," तो म्हणाला.

"मला माहितेय. कोर्टाला नाही ना." हे वाक्य मला फार आवडलं, म्हणून लिहून ठेवतेय.

तो ताट घेऊन उठला. त्याला विनोद कळत नाही असं नाही, पण माझ्या माहेरच्या बाबतीत तो उगाच हळवा होतो. आई त्याला जावई कमी आणि मुलगा जास्त समजते, म्हणून असेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज रंगीत तालीम. बाळकाका भाषणावर बेहद्द खूश. "रेणुकाबाई, तुम्ही हॉटेलात काय करताय, हायकोर्टात पाहिजे होता." श्रीयशचा चेहरा पडला. बरं वाटलं.

मग त्याने मोबाइलवर तो प्रसंग लावला आणि सगळे वाकून बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "कुठून धरून आणली असेल हो ही म्हातारी? मेकअपसुद्धा लागला नसेल." सगळे हसले.

मीही हसले. रिसेप्शनवर असताना जशी आपोआप हसते तशी. एकटी अपूर्वा हसली नाही. तिचं डोकं दुखत असावं.

तेव्हा सांगायला हवं होतं का? सांगून काय झालं असतं, सगळ्यांची तोंडं झाली असती एवढीशी, आणि मग तेच मोठ्या मनाने म्हणाले असते, अरे वा, किती कौतुकाची गोष्ट. तो मोठेपणा मला नको होता. आता फार उशीर झालाय. एकदा कार्यक्रम होऊन जाऊ दे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर लिहून होणार नाही.

क्लब हाऊस गच्च भरलं होतं. आधी दिवे घालवून पडद्यावर तो प्रसंग दाखवला. दिवे लागले तेव्हा मी आरोपीच्या वकिलाच्या खुर्चीत होते, समोर सगळे लोक, आणि शेवटच्या रांगेत आई. शेजारी पवन. आई मागच्या जयंतीला घेतलेली जांभळी साडी नेसली होती, पदर नीट दोन्ही खांद्यांवर. एवढ्या मोठ्या पडद्यावर तिने स्वतःला पहिल्यांदाच पाहिलं असणार. तिचा चेहरा कसा झाला होता ते मला लिहिता येत नाही. शाळेत माझं बक्षीस पुकारल्यावर व्हायचा तसा.

ती मला शोधत होती. मी दिसले तसा तिने हात थोडासा वर केला. मी कागदांत बघितलं.

तिला मी बोलावलं नव्हतं. नंतर कळलं, प्रज्ञेशने फोन केला होता. तो स्वतः सेकंड शिफ्टला.

श्रीयश बोलला, बरा बोलला. मग माझं नाव पुकारलं. उभी राहिले, समोर माणसं दिसली आणि आवाज लागला. मला ही खोडच आहे, समोर माणसं असली की आवाज लागतो. "न्यायमूर्ती महाराज, राणीने हुकूम दिला हे मान्य. गादीच्या लोभाने आंधळी होऊन दिला. पण हा गोंदलेला हात बघा. या हाताचं त्या लेकराशी काय वैर होतं? आणि ही फुंकर. राग आला, माणूस मारून मोकळा झाला, हे आपण समजू शकतो. पण जी बाई विष गार करून पाजते, तिच्या हाडामांसात दुष्टपणा मुरलेला आहे."

टाळ्या पडल्या. मला तिथे थांबता आलं असतं. भाषण तिथेच संपत होतं. पण टाळ्या थांबू नयेत असं वाटलं, आणि मी म्हणाले, "आणि चेहरा तर आपण सगळ्यांनी पाहिलाच आहे."

हे वाक्य कागदावर नव्हतं. ते माझंच आहे. क्लब हाऊस हसून हसून लोळलं.

बाळकाका रंगात आले होते. हातोडी आपटून म्हणाले, "आता या म्हातारीच्या बाजूने दरबारात कुणी आहे का? असेल तर त्याने उभं राहून बोलावं. न्यायालय संधी देत आहे."

माझ्यापासून माईक हातभर लांब होता. पवन अर्धवट उठला. आईने त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होती.

"कुणी नाही," बाळकाका म्हणाले, आणि निकाल दिला. राणी धूम्रलेखा आठ आणे दुष्ट. उरलेले आठ आणे म्हातारीच्या पदरात. उत्कृष्ट वकिलाचं स्मृतिचिन्ह मला.

नंतर वडे आणि चहा. लोक माझं कौतुक करत होते आणि मी हळूहळू दाराकडे सरकत होते. आईला बाजूला घेऊन बोलायचं होतं. पोचले तोवर अपूर्वा तिला वड्याची प्लेट देत होती. "आजी, तुम्ही कुणाकडे आलात?"

आईने माझ्याकडे बघितलं. उत्तर तिने माझ्यासाठी ठेवलं होतं. तिला सहज सांगता आलं असतं, ही माझी लेक म्हणून. ती थांबली.

मी म्हणाले, "आमच्या गावाकडचे आहेत."

"व्हय," आई म्हणाली. "गावाकडचं. लोनावळ्याला काम व्हतं, म्हनलं बघू तरी काय चाललंय."

अपूर्वाने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आजी, गोंदण किती सुरेख आहे तुमचं." आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला भलत्या वेळी काय सुचेल सांगता येत नाही. मी चहाचं काहीतरी बोलून विषय बदलला.

आईने चहा घेतला नाही. पायाशी ठेवलेली पिशवी उचलून माझ्या हातात दिली, इंद्रायणी तांदूळ आणि हरभऱ्याचे डहाळे होते. "हे तुमाला आनलं व्हतं," म्हणाली. "जातो आमी. तुमी लय चांगलं बोलला."

आई मला तुम्ही म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. लोकांसमोर माझी अब्रू राहावी म्हणून.

पवनने गाडीला किक मारली, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कामावर गेले. एक गेस्ट म्हणाले, तुमच्या चेहऱ्यावर सतत हसू असतं, छान वाटतं.

२ मार्च, रविवार

प्रज्ञेश भांडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं, तू त्यांना स्टेजवर घेशील. म्हणून बोलावलं. चूक माझीच." आणि डहाळे निवडत बसला.

सोसायटीच्या ग्रुपवर अजून माझ्या भाषणाचा व्हिडिओ फिरतोय. खाली टाळ्या वाजवणारे हात. मी तीनदा लिहिलं, 'ती दाई माझी आई आहे', आणि तीनदा पुसलं. आता लिहिलं तर लोक म्हणतील, आईला कुणी असं बोलतं का? मग हे मी आईसाठी लिहीत नाही की माझ्या भीतीमुळे लिहीत नाही, तेही मला कळेना.

लाज वाटते. साध्या शब्दांत लिहायचं तर एवढंच आहे. आधी आईची वाटत होती, म्हणजे वाटत होती असं मी आज पहिल्यांदा इथे लिहितेय, आणि आता स्वतःची वाटते. पण पहिलीचा सराव वर्षानुवर्षांचा आहे. दुसरीचं काय करायचं ते समजत नाही.

अपूर्वा संध्याकाळी रिकामा डबा द्यायला आली. जाताना म्हणाली, "आजी परत आल्या की आधी माझ्याकडे आण. मला त्यांना जेवायला घालायचंय." गावाकडच्या कुठल्याशा बाईसाठी हिला एवढा उमाळा कशाला? मी बरं म्हणाले.

५ मार्च, बुधवार

टाकव्याला गेले. ठरवून गेले होते की घरात पाऊल टाकल्या टाकल्या बोलायचं, चहाची वाट बघायची नाही. गेले तर आई ओट्यावर वाल सोलत बसलेली. "आलीस? ऊन लागलं का गं?" पुन्हा तू. मी शेजारी बसून वाल सोलायला घेतले.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "आई, त्या दिवशी मी जे बोलले..."

"वकिलाला बोलावंच लागतं. त्यात काय." तिने शेंग फोडली. "तू त्या दाईला बोललीस. मला थोडीच?"

अगदी हेच वाक्य मी स्वतःला ऐकवलं होतं. तिच्या तोंडून ऐकवेना.

"आणि ते गावाकडचे म्हणाले ते?"

ती सोलत राहिली. "न्हाई तर काय, गावाकडचंच हाय आमी."

आत पवनचा मोबाइल वाजत होता. मी विचारलं, आई, तुझा मोबाइल कुठाय? तर म्हणाली, ते सिनेमाचं पवनला काढून टाकाया सांगितलं, जागा लय खात व्हतं. मी म्हणाले, आई, मी चुकले. फार वाईट वागले मी. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि काहीतरी बोलणार तेवढ्यात शेजारच्या कस्तुराबाई दोघीतिघींना घेऊन आल्या. माझी चाहूल लागली असणार.

"आली का गं रेणू? बरं झालं," कस्तुराबाई ओट्यावर टेकत म्हणाल्या. "आगं, तुमच्या बिल्डिंगीत सरूचा सिनेमा दावला म्हनं. आमी कवाचं इचारतोय हिला, तर काय नीट सांगंना. काय म्हनली लोकं?"

मी आईकडे बघितलं. म्हटलं, आता सांगते, सगळ्यांसमोर सांगते, तेवढं तरी करते. तोंड उघडलं, पण आई माझ्या आधी बोलली.

"नीट कुटं इचारलं तुमी? लय मानसं व्हती. ह्यो एवढा पडदा. सिनेमा झाला की हिनं माईकवर माजं नाव पुकारलं. म्हनली, ही माजी आई. मला वर नेऊन खुर्चीत बसवलं, मोठ्या सायबाच्या शेजारी. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई तर हातच सोडंना माजा."

ती हे सगळं वालाच्या शेंगांकडे बघत, हळू आवाजात, न अडखळता सांगत होती. जसं काही चार दिवस मनात घोळवून पाठ केलं असावं. त्यातलं हात धरणाऱ्या बाईचं तेवढं खरं होतं.

कस्तुराबाई माझ्याकडे वळल्या. "व्हय का गं रेणू?"

आईने हातातली शेंग खाली ठेवली. त्या दिवशी दाराशी जशी थांबली होती तशीच थांबली.

"व्हय मावशी," मी म्हणाले. "मीच पुकारलं नाव."

"नशीब काढलंस सरू," कस्तुराबाई म्हणाल्या, आणि आईने मान डोलावली.